छत्तीस इंचांची वाट

सात मे, पगारवाटपाचा दिवस. रक्कम तीनशे चाळीस रुपये. हजर आम्ही तिघे: दुकानाचे शेठ, गोदाम सांभाळणारे मामा आणि हिशेब लिहिणारी मी. मामांच्या एप्रिलच्या पगारातून एक पितळी कुलूप आणि एक कोयंडा यांची किंमत कापली गेली. आकडा माझ्या हातचा होता. मामांनी रजिस्टरवर सही केली, पेनाला टोपण लावून ते मला परत दिलं आणि म्हणाले, "कुलूप चांगलं होतं, ताई. लई जोर लागला."

एवढंच बोलले आणि खोकत खोकत बाहेर गेले.

आमचं दुकान कापडाचं, लातूरच्या बाजारपेठेत. खाली पुरुषांचे कपडे, वर साड्या आणि ड्रेस, वरच्याच मजल्यावर मागच्या बाजूला गोदाम. पुढचा जिना गिऱ्हाइकांचा. गोदामाजवळून एक मागचा जिना बोळात उतरतो, बावीस पायऱ्यांचा. पायऱ्या बावीस आहेत हे मला मामांमुळे माहीत झालं. त्याआधी सात वर्षं मी त्या दुकानात होते आणि मागचा जिना एकदाही उतरले नव्हते.

मामांना सगळे मामाच म्हणायचे, शेठसुद्धा. साठी ओलांडलेली, अंगाने सडसडीत, पांढरा सदरा, त्याला दोन मोठे खिसे. त्यांच्याजवळ एक लोखंडी गज होता. कापड मीटरने विकायला लागून दोन पिढ्या झाल्या, त्याच्या आधीच्या काळातला, बरोबर छत्तीस इंचांचा, दोन्ही टोकांना पितळेच्या टोप्या. रोज सकाळी दहा वाजता, उदबत्ती लावून झाली की मामा तो गज दोन्ही हातांनी पोटासमोर आडवा धरायचे आणि दुकानातल्या प्रत्येक बोळीतून चालायचे. रॅक आणि रॅक यांच्यामधल्या वाटेला ते बोळीच म्हणत. गज कशाला लागला की टण् आवाज व्हायचा आणि मामा थांबायचे. स्टूल असो, पाण्याचा जार असो, हँगरचा स्टँड असो. ते कोणाला हटवायला सांगत नसत. नुसते उभे राहत. वस्तू हलली की पुढे निघत.

एकदा प्लास्टिकच्या बाहुलीचा हात वाटेत आला होता. सेल्समन मुद्दाम हलेनात.

"मामा, बाहुलीला लग्नाचं विचारून राहिले का?"

मामा तसेच उभे. पंचवीस मिनिटं. शेवटी ज्याने थट्टा केली त्यानेच बाहुली उचलून भिंतीला लावली.

"व्हय म्हणली का हो?" खालून कोणीतरी ओरडलं.

"तिला काय विचारायचं," मामा गज पुढे नेत म्हणाले. "ती पेटली तरी चालत न्हाई. चालणाऱ्याचं बघावं."

त्यांचं दुसरं वेड चिंचोक्यांचं. वरच्या मजल्यावर जिन्याशेजारी भिंतीत एक कोनाडा होता, तिथे त्यांचं स्टूल. माणूस वर आला की डाव्या खिशातला एक चिंचोका उजव्या खिशात. माणूस खाली गेला की उजव्यातला डाव्यात. उजव्या खिशात जितके चिंचोके तितकी माणसं वर. स्वतःला ते धरत नसत. गठ्ठे उतरवायचे नसले की दिवसभर हे चालू. मी आकड्यांची माणूस, म्हणून एकदा त्यांची परीक्षा घेतली. वर जाऊन सगळी डोकी मोजली: एकतीस. खिसा रिकामा करून घेतला: एकतीस. त्या दिवसापासून मामांशी मी जरा वेगळ्या आदराने वागू लागले.

आमच्या घरीही ते एकदा आले, धाकटीच्या वाढदिवसाला. लातुरात नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून आमच्या पॅसेजमध्ये दोनशे लिटरचे तीन निळे ड्रम असायचे. मामा दारातच थांबले. माझे पती डाळ मिलमध्ये सुपरवायझर आहेत, माणसांना या-बसा करण्यात पटाईत. ते म्हणाले, "या की मामा, लाजता काय!"

"लाजत न्हाई. आत कसं यावं ते बघून राहिलो."

मी टेप आणला. ड्रम आणि भिंत यांच्यामध्ये बावीस इंच. मामांनी चहा घेतला, केक घेतला नाही, आणि जाईपर्यंत दाराजवळच्या खुर्चीवरून उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी दोन ड्रम बाल्कनीत नेले. ते अजून तिथेच आहेत.

हे असं का, याचं उत्तर दुकानात सगळ्यांना माहीत होतं. मामा किल्लारीकडचे, भूकंपात घरदार गेलं, तेव्हापासून डोक्यावर परिणाम झालाय. मलाही कोणीतरी हेच सांगितलं होतं आणि मी ते कधी तपासलं नाही.

मग शेठनी मला एक हिशेब करायला लावला. लग्नसराई तोंडावर होती, माल जास्त मागवला होता. बोळ्या छत्तीसऐवजी चोवीस इंचांच्या केल्या तर किती जागा सुटेल? मी मोजलं. वरच्या मजल्यावर चार बोळ्या, प्रत्येकी चाळीस फूट लांब. प्रत्येकीत एक फूट वाचला तर एकशेसाठ चौरस फूट. भाडं चौरस फुटाला अडतीस रुपये. म्हणजे महिन्याला सहा हजार ऐंशी. कागद मी शेठच्या टेबलावर ठेवला. आकडा बरोबर होता म्हणून मला समाधानही वाटलं.

शेठ मामांना म्हणाले, "मामा, तुमचा गज मला महिन्याला सहा हजार ऐंशीला पडतोय. ताईनं काढलंय."

मामांनी कागद हातात घेऊन पाहिला. मला म्हणाले, "बरोबर हाय. पण ताई, यात माणूस किती फुटाचा धरला?"

दुपारी जेवणाच्या सुट्टीत ते डबा घेऊन माझ्या काउंटरजवळ बसले. मला अवघडल्यासारखं झालं होतं, म्हणून मीच म्हणाले, "मामा, भूकंपात तुमचं काय गेलं ते मी समजू शकते. पण दुकान म्हणजे..."

"कोणता भूकंप?"

"किल्लारीचा."

"मी किनवटचा. जंगलातल्या गावचा. भूकंप झाला तवा मी नांदेडात गठ्ठे उचलून राहिलो होतो."

मग त्यांनी भाकरी खाता खाता जे सांगितलं ते असं. नांदेडच्या एका कापडदुकानात ते हमालीला होते. दुकान जुनं, आता नाही. दिवाळीचा माल आला, ठेवायला जागा नव्हती. मालक म्हणाला, माळ्यावरच्या जिन्यात रचून टाक. मामांनी रचला. माळ्यावर एक म्हातारे रफूवाले चाचा बसायचे, पाय अधू असलेले. सकाळी त्यांना हात धरून वर नेलं की संध्याकाळीच खाली आणायचं, म्हणून दिवसा जिना कोणाला लागत नसे. त्या दुपारी खाली इस्त्रीच्या टेबलाला आग लागली. आग लहानच होती, अर्ध्या तासात विझली. पण धूर माळ्यावर गेला.

"लोक म्हणले, गठ्ठे ओढ, वाट कर. मी ओढून राहिलो. ते हलेनात. ताई, मी ते लई चांगले रचले होते. फटीत फट बसवून. एक बी हलला न्हाई."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

"चाचांचा आवाज येत होता. मग न्हाई आला. त्या दुकानातून मी एवढा गज आणला. पगार न्हाई घेतला."

दुसऱ्या दिवशी शेठनी तरीही नवे रॅक आणून वरच्या पहिल्या बोळीत लावले. दहा वाजता टण् आवाज झाला. मामा उभे राहिले. अकरा वाजले, गिऱ्हाइकं येऊ लागली. बायका त्यांच्याकडे बघत, हसत, दुसऱ्या बोळीने जात. साडेबारा वाजता शेठ स्वतः वर आले.

"मामा, बसा आता. पाय दुखतील."

"दुखून राहिलेत."

शेठनी त्यांच्या पायांकडे पाहिलं. मग सेल्समनना म्हणाले, "काढा रे ते. हा माणूस इथंच उभा राहून मरंल अन् पाप मला लागंल."

शेठ वाईट माणूस नाही, हे मला इथे लिहायला हवं. पगार सातला म्हणजे सातला, आजारपणात उचल मागितली तर नाही म्हणत नाहीत. पण आकड्यावर त्यांचा फार विश्वास, आणि आकडे माझे.

एकतीस मार्चला मालाची मोजदाद झाली. अकरा साड्या कमी भरल्या. मी दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं, अकराच. तसं लिहून दिलं. शेठ म्हणाले, पुढे तर मी बसलेला असतो, म्हणजे माल मागच्या जिन्याने गेला. त्याच दिवशी मागच्या जिन्याच्या वरच्या दाराला आतून नवा कोयंडा आणि पितळी कुलूप बसलं. किंमत तीनशे चाळीस. चावी माझ्या ताब्यात.

मामांनी विरोध केला नाही. मात्र दुसऱ्या दिवसापासून गजाची फेरी संपली की ते काउंटरवर येऊन हात पुढे करायचे.

"ताई, चावी."

कुलूप उघडायचे, बावीस पायऱ्या उतरून बोळात जायचे, परत वर यायचे, कुलूप लावून चावी आणून द्यायचे. मी म्हटलं, "रोज कशाला मामा? कुलूप कुठे पळून जातंय?"

"उघडतंय का ते बघून राहिलो. अन् तुमच्याजवळ चावी हाय का ते बी."

चार दिवसांनी सकाळी चावी परत देताना ते थांबले. आजूबाजूला कोणी नाही हे बघून हळू म्हणाले, "ताई, त्या अकरा साड्या. मीच नेऊन दिल्या होत्या की पिको-फॉलला. तुमच्याच चिठ्ठीवर."

मी फाइल काढली. चिठ्ठी होती. माझंच अक्षर, माझीच सही, फक्त दुसऱ्या फाइलला लागलेली. एकही साडी चोरीला गेली नव्हती.

"तुम्हीच सांगा शेठला," मामा म्हणाले. "हिशेब तुमचा हाय. मी न्हाई बोलणार."

मी सांगते म्हणाले. त्या दिवशी शेठकडे व्यापारी बसले होते. दुसऱ्या दिवशी ते रागात होते. तिसऱ्या दिवशी मला वाटलं, महिनाअखेरीला ताळेबंद देताना एका ओळीत लिहून टाकू, म्हणजे बोलावं लागणार नाही. सात वर्षांत माझा एकही आकडा चुकला नव्हता, आणि शेठ हे चारचौघांत सांगायचे. खरं कारण तेवढंच. मामा रोज येत राहिले. "ताई, चावी." त्याहून एक शब्द जास्त नाही. मी त्यांच्याकडे न बघता चावी देत राहिले.

त्या महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, दुपारी पाऊण वाजता, पुढच्या जिन्याखालच्या विजेच्या बोर्डाने पेट घेतला. मी तेव्हा बँकेत होते. काउंटर सोडताना चावी पर्समध्ये टाकून नेण्याची माझी शिस्त होती, कारण चावीची जबाबदारी माझी होती. त्या दिवशीही ती पर्समध्ये होती.

म्हणून पुढचं मी पाहिलेलं नाही. वर साड्या दाखवणाऱ्या सुनंदाने सांगितलं ते लिहिते. लाइट गेली. जिन्यातून काळा धूर वर आला, खाली जाणं शक्यच नव्हतं. बायका ओरडायला लागल्या. मामा कोनाड्यातून उठले आणि मोठ्याने म्हणाले, "ओरडू नका. रॅकला हात लावून मागं चला. पायात काय बी येणार न्हाई." खरोखरच पायात काही आलं नाही. सुनंदा म्हणाली, ताई, काही दिसत नव्हतं, पण कोणी अडखळलं नाही, एक म्हातारी होती, तिच्या कडेवर नातू होता, तीसुद्धा नाही.

दार बंद होतं. मामांनी चावी मागायला खाली जाण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी गज कोयंड्यात घातला आणि अंगाचा भार टाकला. एकदा. दोनदा. मागे माणसांची रांग खोकत उभी. तिसऱ्यांदा गज वाकला, आणि चौथ्यांदा कोयंडा दारातून उपटून आला.

मग ते दारात बाजूला उभे राहिले. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक माणसामागे उजव्या खिशातला एक चिंचोका खाली टाकला. सगळे उतरले असं वाटलं तेव्हा खिशात एक उरला होता. सुनंदा पायऱ्यांवरून ओरडली, "मामा, झाले सगळे, या खाली!" मामा म्हणाले, "एक हाय अजून," आणि आत गेले.

ट्रायल रूममध्ये एक मुलगी होती. भारनियमन असेल म्हणून आतून कडी लावून लाइट यायची वाट बघत बसलेली. मामांनी दारावर थाप मारली.

"पोरी, लाइट न्हाई गेली, दुकान पेटलंय. जशी हाय तशी चल."

ती दुकानाची साडी कशीबशी गुंडाळून, किमतीच्या चिठ्ठीसकट बोळात आली. मागून मामा, तोंडाला सदऱ्याचं टोक लावून. दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ साडीची घडी करून परत देऊन गेला.

मी बँकेतून आले तेव्हा अग्निशामकची गाडी लागली होती. बोळात माणसं बसलेली, कोणी रडत, कोणी फोनवर. कोणाला इजा नव्हती. मामा भिंतीला टेकून बसले होते, हाताला फडकं गुंडाळलेलं, शेजारी वाकडा गज. माझ्याकडे बघून त्यांनी सवयीने हात पुढे केला आणि मग मागे घेतला.

मी दुसऱ्या दिवशी मागच्या पायऱ्यांवरचे चिंचोके वेचले. वरून बेचाळीस माणसं उतरली होती, म्हणून बेचाळीस असायला हवे होते. एकेचाळीस सापडले, त्या मुलीचा तेवढा मामांच्या खिशातच राहिला होता.

दुकान नऊ दिवस बंद होतं. नुकसानीची यादी मी केली: वस्तू, किंमत, कोणाकडून. हा तिसरा रकाना मीच काही वर्षांपूर्वी सुरू केला होता, फुटतूट करणाऱ्याच्या पगारातून कापण्यासाठी. बोर्ड, किंमत, कोणाकडून: आग. खोकी, किंमत, कोणाकडून: आग. कुलूप-कोयंडा, तीनशे चाळीस, कोणाकडून... आगीने तर तोडलं नव्हतं. मी मामांचं नाव लिहिलं. रकाना रिकामा सोडणं मला जमत नाही. शेठनी यादीवरून नजर फिरवली, त्या ओळीवर थांबले.

"हे पण कापायचं?"

मी म्हणाले, "नियम तसा आहे."

"मग कापा. नियम सगळ्यांना एकच."

तिथे मला सांगता आलं असतं. त्यानंतर सात मेला, मामा सही करत होते तेव्हाही.

आठ मेला सकाळी शेठ येताच मी उभी राहूनच सांगितलं. साड्या चोरीला गेल्या नव्हत्या. चूक माझी होती. चार एप्रिलला मला ती कळली होती. कुलूप लागायलाच नको होतं.

शेठ म्हणाले, "ताई, तुमच्या आकड्यावर मी कधी बोट ठेवलं नाही."

"म्हणूनच सांगायला वेळ लागला."

"मामाला ठाऊक होतं?"

"हो. त्यांनीच दाखवलं."

"अन् सही करून गेला?" त्यांनी गल्ल्यातून पैसे काढले. मी म्हणाले, हे माझ्याकडून जायला हवेत. त्यांनी ते पुन्हा आत ठेवले.

मामा त्या दिवसापासून कामावर आले नाहीत. मी त्यांच्या खोलीवर गेले. भाड्याची एक खोली, भिंतीवर बुद्धाचं कॅलेंडर, खाट दारापासून लांब भिंतीला लावलेली. नांदेडची लेक न्यायला आली होती. खोकला थांबत नव्हता. मी तीनशे चाळीस रुपयांचं पाकीट पुढे केलं आणि शेठना काय सांगितलं तेही सांगितलं.

"सांगितलं? बरं झालं." पाकिटाला त्यांनी हात लावला नाही. "दार आता कसं हाय?"

"दोरीने बांधलंय."

"दोरी नको. कडी बसवा, आडवी, मोठी. अंधारात बी हाताला लागंल अशी. अन् कुलूप अडकवायला जागाच नको तिला." दम लागला म्हणून थांबले. "चावी कोणाच्या बी हातात नको, ताई. तुमच्या बी नको."

ते लेकीबरोबर नांदेडला गेले. अधूनमधून फोन करायचे. तब्येतीचं विचारलं की "हाव, बरी हाय" म्हणायचे आणि लगेच, "आज किती होते वर?" मी वेचून ठेवलेल्या चिंचोक्यांवर वरची माणसं मोजून सांगायची. दिवाळीनंतर लेकीचा फोन आला.

मी सकाळच्या एसटीने नांदेडला गेले. घर लहान, माणसं खूप. उंबऱ्याशी चपलांचा ढीग पडला होता, आत जाणारा प्रत्येक जण त्यावरून पाय उचलून जात होता. मी खाली बसले आणि चपला दोन्ही बाजूंना सारल्या. गज जवळ नव्हता, अंदाजानेच जागा केली. लेक आतून बघत होती. ती बाहेर आली आणि दुसऱ्या बाजूच्या चपला उचलू लागली.

आता दहा वाजता फेरी मी मारते. गज तोच आहे, जाताना मामा दुकानात ठेवून गेलेला. वाकल्यामुळे टोकापासून टोकापर्यंत साडेचौतीस इंचच भरतो, म्हणून दीड इंच मी जास्तीचा धरते. टण् झालं की उभी राहते. पहिल्या आठवड्यात सेल्समन हसले. नंतर नाही.

राहिला तीनशे चाळीस रुपयांचा हिशेब. रक्कम तीच, मामांनी न घेतलेली, पाकिटातली. आडवी लोखंडी कडी, दोनशे साठ, हार्डवेअरच्या दुकानाला. ती बसवण्याची आणि कुलूप अडकवायचं भोक बुजवून टाकण्याची मजुरी, ऐंशी, वेल्डरला. दोन्ही पावत्या फाइलला आहेत, यावेळी योग्य त्या. रजिस्टरमध्ये नोंद केली तेव्हा तिसरा रकाना आला, कोणाकडून. तिथे मी मामांचं नाव लिहिलं.